नायट्रेट शून्य आलं, म्हणजे नेमकं किती?

वाचकहो, उघड्या समुद्राच्या वरच्या थरात विरघळलेलं नायट्रेट, म्हणजे वनस्पतिप्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं) नत्रयुक्त खत, इतकं कमी असतं की साध्या उपकरणाला ते दिसतच नाही, असं मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले. त्या एका वाक्यावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट नीट समजली नाही तर पुढचे आकडे वाचून काही उपयोग नाही.

मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये आम्हा काही विद्यार्थ्यांना संशोधन जहाजावरून अरबी समुद्रात जायला मिळालं. वरच्या चाळीस मीटरपर्यंत आमचं नायट्रेट ०.०० आलं, काही बाटल्यांत तर उणे ०.०२ मायक्रोमोल प्रतिलिटर. उणे आकडे खोडून तिथे शून्य लिहा, असं आम्हाला सांगितलं गेलं. पण त्याच पाण्यात क्लोरोफिल, म्हणजे वनस्पतींचं हरितद्रव्य, होतं. नायट्रेट नाहीच, तर वनस्पतिप्लवक जगतात कशावर?
— विद्यार्थिनी, रत्नागिरी

आधी उणे आकड्यांचं बघू. ते खोडू नका. वहीत जसे आले तसे ठेवा.

समुद्रात उणे नायट्रेट नसतं हे उघड आहे. पण तुमचा आकडा थेट समुद्रातून येत नाही, तो वजाबाकीतून येतो. रसायनं घातल्यावर येणारा सॅम्पलचा रंग वजा ब्लँकचा, म्हणजे नायट्रेट नसलेल्या तुलनेच्या पाण्याचा, रंग. दोन्ही मोजण्यांत थोडी थोडी थरथर असते. खरं मूल्य शून्याच्या अगदी जवळ असेल तर उत्तर कधी शून्याच्या वर पडणार, कधी खाली. खालचे सगळे आकडे पुसून शून्य केले आणि वरचे तसेच ठेवले, तर सरासरी खोटीच वर सरकते. तुमच्या वहीतले उणे आकडे हा तुमच्या उपकरणाच्या थरथरीचा प्रामाणिक पुरावा आहे. तो पुसून टाकला तर पुढे कोणालाच तुमच्या आकड्यांची लायकी ठरवता येणार नाही.

छापील तक्त्यात काय लिहायचं, हा प्रश्न वेगळा. ब्लँक दहा वेळा मोजा, त्या दहा उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे ती किती विखुरली आहेत याचं माप, काढा आणि त्याची तिप्पट करा. ती तुमची शोधमर्यादा. जहाजावर नेहमी असतो त्या ऑटोअॅनालायझरवर, म्हणजे सॅम्पलांचा रंग आपोआप मोजणाऱ्या यंत्रावर, नायट्रेटची शोधमर्यादा साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रोमोल येते. तुमची ०.०५ आली तर तक्त्यात ‘०.०५ पेक्षा कमी’ असं लिहा. ‘शून्य’ लिहिलंत तर तुम्ही समुद्राबद्दल विधान करता. ‘०.०५ पेक्षा कमी’ लिहिलंत तर स्वतःच्या मोजणीबद्दल करता, आणि तेवढंच करायचा हक्क तुम्हाला आहे.

०.०५ मायक्रोमोल म्हणजे ५० नॅनोमोल. त्याच्या खाली काही नसतं असं नाही, बरंच काही घडत असतं. वरच्या, उन्हात तापलेल्या थरात एप्रिल-मे महिन्यांत वारा पडलेला असतो, पाणी ढवळत नाही, खालचं नायट्रेट वर येत नाही. शंभर मीटरच्या पुढे गेलात की आकडा झपाट्याने चढतो आणि हजार-दीड हजार मीटरवर तीस-चाळीस मायक्रोमोलच्या घरात जातो. तुमच्याही तक्त्यात ती चढण दिसली असेल. त्या चढणीच्या वरच्या पाण्यात जे उरतं ते काही नॅनोमोल असतं, आणि तेवढ्यावर जगायला शिकलेले जीव तिथे असतात.

१९८८ मध्ये प्रोक्लोरोकॉकस या सूक्ष्मजीवाचा शोध प्रसिद्ध झाला. त्याचा व्यास एक मायक्रॉनही नाही. इतक्या लहान पेशीचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे अत्यंत विरळ पाण्यातूनही तिला अन्न ओढून घेता येतं. शिवाय या जीवांचा मुख्य आधार बहुतेक वेळा नायट्रेट नसतोच. सूक्ष्म प्राणी पेशी खातात, अमोनियम बाहेर टाकतात, आणि शेजारची पेशी ते लगेच उचलते. हे चक्र इतक्या वेगाने फिरतं की कोणत्याही क्षणी पाण्यात अमोनियम जवळजवळ नसतंच, पण दिवसभरात त्यातून पुष्कळ जाऊन आलेलं असतं. १९६७ मध्ये डगडेल आणि गोअरिंग यांनी ही विभागणी स्पष्ट मांडली: खालून वर आलेल्या नायट्रेटवरचं उत्पादन ते ‘नवं’, आणि तिथल्या तिथे फिरणाऱ्या अमोनियमवरचं ते ‘पुनर्जनित’. तुम्ही मोजलं ते शिल्लक. क्लोरोफिलला लागतो तो ओघ. शिल्लक शून्याजवळ असूनही ओघ भरपूर असू शकतो, आणि तो मोजायला नायट्रोजन-१५ हा समस्थानिक घालून वेगळे प्रयोग करावे लागतात.

अजून एक वाट आहे. त्याच महिन्यांत अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचे तपकिरी-पिवळसर पट्टे पाण्यावर तरंगताना दिसतात. तो हवेतून विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरतो, त्याला नायट्रेटची गरजच नाही. तुमच्या फॉस्फेटच्या रकान्यात बघा. तिथे बहुतेक थोडं काहीतरी शिल्लक असेल. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटरच्या मधल्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि तिथले जीवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरून त्याचा वायू करून टाकतात. त्यामुळे वर येणाऱ्या पाण्यातच फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट कमी असतं. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार प्लवकांना एका फॉस्फरसमागे सोळा नायट्रोजन लागतात. तेवढे मिळाले नाहीत की नायट्रेट आधी संपतं आणि फॉस्फेट मागे राहतं. म्हणजे तुमचे ०.०० आणि शेजारचं थोडंसं फॉस्फेट, हे दोन आकडे मिळून खालच्या ऑक्सिजनविहीन थराबद्दल सांगत आहेत. एकटं ०.०० काहीच सांगत नाही.

आता ज्याची मला मनापासून काळजी वाटते ते. तुमचं ब्लँक कशाचं होतं? प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी वापरलं असेल तर लक्षात घ्या, समुद्राच्या खारट पाण्यातून प्रकाश जाताना तो जरा वेगळा वाकतो, त्यामुळे रंग नसतानाही उपकरण थोडं काहीतरी दाखवतं. म्हणून ब्लँकही खारटच हवं. मीठ घालून ते घरी करावं म्हटलं तर चांगल्या प्रतीच्या मिठातही नायट्रेट-फॉस्फेटचा अंश असतो, आणि तो अंश तुम्हाला मोजायच्या प्रमाणापेक्षा जास्त असू शकतो. मग उरतं ते समुद्राचंच पाणी. पोषकद्रव्यं संपलेल्या भागातून वरचं पाणी भरून आणायचं, प्लवकांना त्यातलं उरलंसुरलं खाऊ द्यायचं, गाळून ठेवायचं. तरीही ते शून्य नसतं. त्यात किती आहे हे जास्त संवेदनशील पद्धतीने आधी मोजावं लागतं आणि तो आकडा गणितात धरावा लागतो. या विषयातली माझी निम्मी मेहनत कमी मोजण्यात गेली नाही, कमीत कमी असलेलं पाणी मिळवण्यात गेली. प्रबंधात ब्लँकवर एक पूर्ण परिच्छेद लिहा. परीक्षक तो वाचतील की नाही ठाऊक नाही, पण दहा वर्षांनी तुमचे आकडे वापरणारा माणूस आधी तोच शोधेल.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. नॅनोमोल वगैरे वाचून वाटलं, लिटरभर पाण्यातलं इतकं कमी माणसाला दिसणार कसं? हे मोजायला अतिप्रचंड यंत्रं लागत असतील ना?
— निवृत्त शिक्षक, अलिबाग

सर, किती कमी ते आधी सांगते. एक नॅनोमोल नायट्रेट म्हणजे लिटरमध्ये ६२ नॅनोग्रॅम. पंचवीस लाख लिटरच्या मोठ्या जलतरण तलावात पाव ग्रॅम सोरा विरघळवला तर साधारण एवढी तीव्रता होईल. आणि यंत्र अतिप्रचंड नसतं. मुळात ती तुमच्या शाळेतल्या परीक्षानळीचीच रसायनक्रिया आहे.

पेटर ग्रीस नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये बर्टन-ऑन-ट्रेंटच्या एका बिअर कारखान्यात काम करत. डायझो संयुगांचा शोध त्यांचाच, आणि १८७९ मध्ये त्यांनी नायट्राइट ओळखण्याची रंगपरीक्षा दिली. आज आम्ही सल्फानिलअमाइड आणि नॅफ्थाइलएथिलीनडायअमाइन वापरतो, पण गाभा तोच: नायट्राइट असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं नायट्राइट, तितका गुलाबी. ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात तो रंग मोजायचा.

नायट्रेटला स्वतःला हा रंग येत नाही. म्हणून ते आधी नायट्राइटमध्ये बदलायचं. त्यासाठी कॅडमियमचे बारीक कण कॉपर सल्फेटच्या द्रावणात हलवायचे, निळा रंग उडेपर्यंत. तांब्याचा थर चढलेले ते कण काचनळीत भरायचे आणि त्यातून अमोनियम क्लोराइड घातलेलं सॅम्पल हळू सोडायचं. ही नळी, म्हणजे कॉलम, सांभाळणं हे या कामातलं खरं कसब. हवा शिरली तर बिघडते, कोरडी पडली तर बिघडते. रोज सकाळी सारख्याच तीव्रतेची नायट्रेटची आणि नायट्राइटची द्रावणं चालवून दोन्हींचा रंग ताडून बघायचा. नायट्रेटचा रंग नायट्राइटच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेला की कॉलम पुन्हा तयार करायचा. कॅडमियम विषारी आहे. त्याचं सांडपाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं, मोरीत नाही आणि समुद्रात तर नाहीच. जे पाणी समजून घ्यायला आलो त्यातच विष ओतणारे लोक मला सहन होत नाहीत.

आता ‘दिसणार कसं’ याचं उत्तर. एका मायक्रोमोल नायट्राइटचा रंग एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक पेटीत, मोजला तर अॅबसॉर्बन्स, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला याचं माप, साधारण ०.०५ येतो. दहा नॅनोमोलचा येईल ०.०००५. तो उपकरणाच्या थरथरीत हरवून जातो. मग करायचं काय? रसायन बदलायचं नाही, प्रकाशाचा रस्ता लांबवायचा. एक मीटर लांब क्युव्हेट घेतला तर तेच दहा नॅनोमोल पुन्हा ०.०५ दाखवतील. पण मीटरभर काचेची पेटी करून त्यात प्रकाश सरळ ठेवणं अवघड. तिथे टेफ्लॉन एएफ या पारदर्शक प्लास्टिकने मार्ग काढला. त्याचा अपवर्तनांक १.२९, पाण्याचा १.३३. म्हणजे या प्लास्टिकच्या बारीक नळीत पाणी भरलं की प्रकाश भिंतीवर आपटून पूर्ण परावर्तित होतो आणि पाण्याबरोबर वळणं घेत दुसऱ्या टोकाला निघतो. सर, पूर्ण आंतरिक परावर्तन तुम्ही कित्येक वर्षं फळ्यावर काढलं असेल. इथे ते थेट समुद्राच्या पाण्यात काम करतं. मीटर-दोन मीटरची ती नळी वेटोळं करून तळहाताएवढ्या डबीत बसते आणि एका मीटरला पाव मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरतं. तिच्यामुळे काही नॅनोमोलपर्यंत जाता येतं.

जाता येतं, पण सुखाने नाही. हवेचा सूक्ष्म बुडबुडा अडकला की आकडा उडतो. सॅम्पलचा खारटपणा ब्लँकपेक्षा वेगळा असला की आकडा सरकतो. आणि एकदा तुम्ही नॅनोमोलवर आलात की सगळं जग नायट्रेट आणि फॉस्फेटचं बनलेलं दिसू लागतं. बोटांचा घाम, पावडर असलेले हातमोजे, सिगारेटचा धूर, साबण. जहाजाच्या बोळातली फरशी अमोनियायुक्त द्रवाने पुसली की पलीकडच्या प्रयोगशाळेत अमोनियमचा आकडा वर चढलेला मी स्वतः पाहिला आहे. उदबत्ती लावून मोजणीला सुरुवात करण्याची हौस मी तरुण सहकाऱ्यांना मोडायला लावते. पूजा किनाऱ्यावर करावी.

फॉस्फेटची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात एक चकवा आहे. मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये दिलेली मॉलिब्डेनम-निळ्याची पद्धत आजही जगभर चालते: आम्ल मॉलिब्डेट, अँटिमनी, अॅस्कॉर्बिक आम्ल, आणि निळा रंग ८८० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजे आपलं क जीवनसत्त्वच. पण आर्सेनेटही अगदी तसाच निळा रंग देतं. समुद्रात आर्सेनेट साधारण वीस नॅनोमोलपर्यंत असतं. खोल पाण्यात दोन-तीन मायक्रोमोल फॉस्फेटपुढे ते नगण्य. पण अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात वरच्या थराचं फॉस्फेट दहा नॅनोमोलच्याही खाली उतरतं. तिथे दुर्लक्ष केलं तर निळ्या रंगाचा मोठा वाटा आर्सेनिकचा असेल आणि लिहिलं जाईल फॉस्फेट म्हणून. म्हणून थायोसल्फेट घालून आर्सेनेटचं आर्सेनाइट करून टाकतात, ते रंग देत नाही. अशा पाण्यासाठी १९९२ मध्ये कार्ल आणि टीन यांनी एक फार देखणी युक्ती दिली. समुद्राच्या पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घातला की त्यातल्याच मॅग्नेशियमचा पांढरा साका तयार होतो आणि तो फॉस्फेट बरोबर घेऊन खाली बसतो. सेंट्रिफ्यूज करायचं, पाणी ओतून द्यायचं, साका थोड्याशा आम्लात विरघळवायचा. मोठ्या बाटलीतलं फॉस्फेट काही मिलिलिटरमध्ये आलं. बाहेरचं काही महागडं नको, समुद्राचं मॅग्नेशियमच कामाला लावलं. पहिल्यांदा वाचली तेव्हापासून या पद्धतीवर माझं प्रेम आहे.

आमी रापण ओढणारे. गणपतीनंतर कधी कधी पाण्याला कुजकट वास येतो, तळाची मासळी भलत्याच जागी सापडते. तुम्ही हे नायट्रेट मोजता त्यावरून मासळी कुठे मिळेल ते सांगता येईल काय?
— रापणकर, मालवण

दादा, मासळी कुठे मिळेल हे नायट्रेटवरून सांगता येत नाही. हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची जी माहिती येते ती उपग्रहाने पाहिलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि क्लोरोफिलवर आधारलेली असते. उपग्रहाला नायट्रेट दिसत नाही, त्यासाठी पाण्यात बाटली सोडावीच लागते.

पण तुम्ही लिहिलेल्या वासाबद्दल सांगता येईल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागात वर सरकतं. त्याच वेळी पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी वर पातळ थर धरतं. हलकं पाणी वर, जड खाली, त्यामुळे हवा खालपर्यंत पोचत नाही. वरून प्लवकांचा सडा खाली पडत राहतो, जीवाणू तो कुजवतात आणि उरलेला ऑक्सिजन संपवतात. मग ते नायट्रेट वापरतात. तेही संपलं की सल्फेटवर येतात, आणि सडलेल्या अंड्याचा वास सुरू होतो. गोव्यात कांदोळीसमोर साधारण तीस मीटर खोलीच्या पाण्यात १९९०च्या दशकाअखेरपासून हे नियमित मोजलं गेलं आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सय्यद वाजिह नकवी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे जगापुढे मांडलं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे मुख्य महिने, म्हणजे तुमच्या गणपतीनंतरचेच. तुमच्या समोरच्या पाण्यात त्या दिवशी नेमकं हेच होतं का, ते मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही, पण लक्षणं जुळतात.

मासळीचं म्हणाल, तर कार्ल बान्स यांनी १९५९ मध्येच कोचीसमोरच्या ट्रॉलिंगवर लिहिताना वर आलेल्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याचा आणि तळाच्या मासळीचा संबंध दाखवला होता. तळाला श्वास मिळेना की मासळी जागा सोडते. तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. तारीख, जागा, वास आला की नाही, कुठली मासळी, एवढं वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे बोटीच्या दिवसांपुरते आकडे असतात. तुम्ही रोज तिथे असता.

आणि रत्नागिरीच्या विद्यार्थिनीने हे उत्तरही वाचावं. एप्रिलमध्ये वरच्या पाण्यात नायट्रेट नाही, कारण वनस्पतींनी ते खाल्लं. सप्टेंबरमध्ये कांदोळीच्या तळाशी नायट्रेट नाही, कारण जीवाणूंनी ते श्वासात संपवलं. तक्त्यात दोन्हीकडे ‘०.०५ पेक्षा कमी’च असेल. फरक शेजारच्या रकान्यांत आहे: तळाच्या पाण्यात अमोनियम आणि फॉस्फेट साचलेलं दिसेल, वरच्या पाण्यात दोन्ही कमी. त्यात एक धोकाही आहे. सल्फाइड असलेलं पाणी कॅडमियमच्या कॉलमला मारून टाकतं. मग पुढच्या चांगल्या सॅम्पलांतही नायट्रेट कमी येऊ लागतं आणि ते खरं वाटतं. बाटली उघडताना वास आला तर ते सॅम्पल बाजूला ठेवा, आधी सल्फाइड घालवा.

माझ्याकडे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. फॉस्फेटचं किट ‘०’ दाखवतं, तरी काचेवर हिरवं शेवाळ थांबत नाही. किट खराब आहे का?
— मत्स्यालयप्रेमी, पुणे

बहुधा नाही. किटचा कागद काढून रंगपट्टीवर शून्यानंतरची पायरी कितीची आहे ते पाहा. पाव मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल, तर ती २.६ मायक्रोमोल झाली. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात असतं साधारण तेवढं! तुमचं ‘०’ म्हणजे फक्त ‘त्याच्यापेक्षा बरंच कमी’. शेवाळाला त्याच्या शंभराव्या भागावरही वाढता येतं. शिवाय शेवाळ स्वतःच पाण्यातलं फॉस्फेट ओढत असतं, त्यामुळे शेवाळ वाढतंय आणि पाण्यात काही नाही, यात विरोध नाही. माशांचं खाणं किती घालता ते आधी कमी करून बघा, फॉस्फेट मुख्यतः तिथूनच येतं. टाकीतली चुनखडीची वाळू आणि दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि नंतर सोडतात, म्हणून फरक दिसायला वेळ लागेल. किटची नळी साबणाने धुऊ नका. टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा.

फॉस्फेट पूर्ण संपवण्याच्या मागे मात्र लागू नका. प्रवाळांनाही ते लागतं.

तुमचा लेख वाचून शाळेतल्या मुलांना आमच्या समुद्राचं पाणी तपासून घ्यायचं आहे. जवळच्या महाविद्यालयाने तयारी दाखवली आहे. बाटलीत भरून पाठवलं तर चालेल ना?
— मुख्याध्यापिका, डहाणू

चालेल, पण पाणी बाटलीत भरल्या क्षणी मोजणीला सुरुवात झाली असं धरा. त्यातले जीव तिथेही खात-पीत राहतात, आणि दोन दिवस उन्हात राहिलेल्या बाटलीतला आकडा तुमच्या समुद्राचा नसतो.

काचेची बाटली नको. काचेतून सिलिकेट पाण्यात उतरतं, आणि किनाऱ्याच्या पाण्यात सिलिकेट मोजण्यासारखं असतं, नद्या ते आणतात. पॉलिथीनच्या बाटल्या महाविद्यालयाकडूनच मागा, दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून शुद्ध पाण्याने धुतलेल्या. आम्लाचं काम मुलांकडे देऊ नका. मुलांनी करायचं ते इतकंच: वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे स्वतःचा घाम आणि धूळ बाटलीपासून दूर जाते. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. त्याच पाण्याने तीनदा विसळायचं आणि विसळलेलं पाणी जिथून भरणार त्याच्या मागे ओतायचं. पाणी गढूळ असेल तर गाळून घ्यायचं, पण गाळताना जोर लावायचा नाही. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं अमोनियम गाळलेल्या पाण्यात येतं. बाटली पाऊण भरायची, कारण गोठताना पाणी फुगतं. लगेच बर्फाच्या पेटीत आणि तिथून उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये. भरती होती की ओहोटी, वेळ काय, आदल्या दिवशी पाऊस झाला का, हे बाटलीवरच्या चिठ्ठीत पेन्सिलने लिहायचं. शाई ओलाव्याने जाते.

एक बाटली जास्त पाठवा: महाविद्यालयाने दिलेलं शुद्ध पाणी किनाऱ्यावर नेऊन, तिथेच उघडून, तशाच बाटलीत भरलेलं. त्यात जे सापडेल ते समुद्राचं नाही, तुमच्या हातांचं आणि बाटल्यांचं. मुलांना ती बाटली सगळ्यात आधी तपासायला लावा.

सिलिकेटसाठी गोठवलेली बाटली वितळवल्यावर लगेच मोजू नका, एक रात्र तशीच ठेवा. गोठताना सिलिकेटचे रेणू एकमेकांना जुळतात आणि सुटायला वेळ घेतात. अमोनियमची बाटली मात्र पाठवूच नका. ते डहाणूतच, त्याच दिवशी मोजायची सोय झाली तर मोजा, नाहीतर या वर्षी तो रकाना मोकळा ठेवा.